प्रशिक्षण व्हॉल्व्हमनपर्यंत पोहोचावे

संपादक महोदय,

आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षण म्हटले की दोर, बोट आणि प्रथमोपचार एवढेच डोळ्यांसमोर येते. ‘आपदा मित्र’ योजनेतील १२ दिवसांचे प्रशिक्षण उपयुक्तच आहे आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यात असणे ही खान्देशाची जमेची बाजू आहे. परंतु ही सारी तयारी मुख्यतः संकट कोसळल्यावर धावून जाणाऱ्यांची आहे. वीज, पाणी आणि रेल्वे ज्यांच्या हातांवर रोज चालते, त्या यंत्रचालक, लाइनमन आणि व्हॉल्व्हमन मंडळींना एकत्र बसवून शिकवण्याचा विचार फारसा होत नाही.

भुसावळ परिसरात ही गरज ठळकपणे दिसते. तापीवरील हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. याच धरणाच्या पाण्यावर दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र चालते, विजेवर गावोगावचे पाणी उपसणारे पंप चालतात आणि जवळच देशातील एक मोठे रेल्वे जंक्शन आहे. यातील एक कडी तुटली की दुसरीवर ताण येतो. मात्र प्रत्येक खात्याची रंगीत तालीम आपापल्या कुंपणाच्या आतच उरकली जाते, तीही बहुधा भर दिवसा आणि छायाचित्रकाराच्या सोयीने.

कुंपणाबाहेरच्या लोकांचे काय? २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली, प्रवासी रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या गाडीखाली अनेकांचा जीव गेला. आग नव्हतीच, घबराटीच्या क्षणी खात्रीची सूचना देणारा आवाज हवा होता. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरपूरजवळ वाघाडी येथे रसायन कारखान्यात स्फोट झाला. अशा कारखान्यांशेजारच्या किती गावकऱ्यांना वायुगळती झाल्यास वाऱ्याच्या कोणत्या बाजूला निघायचे हे ठाऊक असेल?

जळगावच्या विद्यापीठाने आणि जळगाव, धुळे व नंदुरबार या खान्देशातील तिन्ही जिल्ह्यांतील आयटीआयनी मिळून यासाठी छोटा व्यावसायिक अभ्यासक्रम आखावा. त्यात कंत्राटी कामगारांना आवर्जून घ्यावे आणि प्रशिक्षणाचे दिवस कामाचे दिवस धरावेत. रोजंदारी बुडवून कोणी शिकायला येणार नाही. संगणक सुरक्षेचा धडाही हवा. देशाच्या पातळीवर महत्त्वाच्या माहिती यंत्रणांच्या रक्षणासाठी २०१४ पासून स्वतंत्र केंद्र आहे, पण पंपघरातील पासवर्ड भिंतीवर खडूने लिहिलेला असेल तर दिल्लीतील केंद्र काय करणार?

धरण सुरक्षा कायदा, २०२१ नुसार धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक आहे. त्याचा नदीकाठच्या गावांना लागू असलेला भाग सोप्या मराठीत ग्रामपंचायतीत लावावा. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्यांनी पावसाळ्यापूर्वी हतनूर ते भुसावळ अशी एक संयुक्त तालीम रात्री, वीज आणि मोबाइल बंद आहेत असे गृहीत धरून घ्यावी, पोलीस पाटील व आशा कार्यकर्त्यांना तीत सामील करावे आणि आढळलेल्या त्रुटी वृत्तपत्रांतून जाहीर कराव्यात.

– एक वाचक, भुसावळ