आजीच्या उशीखालचा हेडलॅम्प

बाबू,

नाव नका लिहू म्हणालास म्हणून नाही लिहीत, पण पत्र तर लिहिणारच, तू किती का नाही म्हणेनास. तोंडावर आभार मानले की तू "काय काकू तुम्ही पण" म्हणून गाडीला किक मारून निघून जातोस, मग आमचं बोलणं फाटकापाशीच राहून जातं. परवा गाविलगड किल्ल्यावरून आलो तेव्हापासून पाय दुखून राहिलेत, बसून आहे, म्हटलं आता लिहूनच टाकते. लिहायची सवय नाही, चुकलं तर हसू नको.

२२ सप्टेंबर २०२३. आमच्याकडे त्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. सोळा भाज्या, पुरण, कढी, आंबील, वडे, सगळं. सकाळी चारला उठलेली मी, रात्री साडेअकराला शेवटची पंगत उठली, भांडी तशीच ठेवली, म्हटलं सकाळी बघू, बाई तर येणारच आहे. बाहेर पाऊस सुरू झाला तेव्हा आमचे हे म्हणाले, बरं झालं, उकाडा गेला. झोपलो. साडेतीनच्या आसपास मला वाटलं कोणी नळ चालू ठेवला, म्हणून पाय खाली टाकला तर पाणी. घोट्यापर्यंत, आणि गार. लाइट नाही. मोबाईलच्या उजेडात हॉलमध्ये गेले तर महालक्ष्म्यांसमोरच्या गव्हाच्या, तांदळाच्या राशी विरघळल्यासारख्या पसरलेल्या, झेंडूची फुलं सोफ्याखालून फिरून राहिली, आणि दोघी उभ्याच, साडीच्या निऱ्या भिजलेल्या. ते चित्र डोळ्यासमोरून जात नाही बघ अजून.

पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी रस्त्यावर, मोरभवन बसस्टँडवरच्या बसेस पाण्यात, पंचशील चौकातला पूल खचला, कामठीहून आर्मी आली. ज्या तलावावर आम्ही चाळीस वर्षं संध्याकाळचे फिरायला गेलो, माहेर असल्यासारखं ज्याचं कौतुक पाहुण्यांना केलं, तोच तलाव घरात आला. आता कोर्टात याचिका आहे, कोणाचं काय अडलं, कोणी काय बांधलं ते ठरेल तेव्हा ठरेल.

मी फोन केले रे. आठ केले, मोजून. एका नंबरवर "टीम निघाली आहे मॅडम", पाऊण तासाने परत लावला तर "कोणती टीम?" दुसऱ्या नंबरवर मला विचारलं, पाणी नक्की किती आहे, फुटात सांगा. मी गुडघ्यात पाणी घेऊन उभी, आता टेप शोधू का काय? मतं मागायला दर वेळी जिना चढून येणाऱ्यांनी फोन उचलला नाही. आमच्या एका नातेवाइकांकडे मोठी गाडी आहे, उंच, तिचे फोटो सारखे टाकत असतात, त्यांनी हात जोडल्याचा इमोजी पाठवला. आणि सकाळी सातला गुड मॉर्निंगपण पाठवलं. जाऊ दे.

तू आमच्या मागच्या गल्लीत मावशीकडे जेवायला आलेला, पावसामुळे थांबलेला. बॅगेत दोर होता कारण शनिवारी मित्रांसोबत ट्रेकला निघायचं होतं. नंतर हे जेव्हा जेव्हा आठवते तेव्हा मला वाटते की महालक्ष्म्यांनीच थांबवलं तुला, पण तू म्हणशील काकू, पावसानं थांबवलं. बरं, पावसानं.

आमच्या ग्रिलपासून समोरच्या घराच्या जिन्यापर्यंत दोर बांधलास, गल्लीतून पाणी असं चाललं होतं की कुंड्या, गॅसची सिलेंडरं, कोणाची तरी स्कूटी आडवी होऊन वाहत होती. तू आत आलास तेव्हा पाणी माझ्या कमरेला. पहिले आजीला नेऊ म्हणालास. आणि आजी म्हणजे आमच्या सासूबाई, वय ८१, पलंगावर चढून भिंतीला टेकून बसलेल्या, आणि त्या म्हणाल्या मी येत नाही.

आम्हाला वाटलं घाबरल्या. हे ओरडले, आई चल, वेळ नाही. मी पण ओरडले, खोटं कशाला सांगू. त्या फक्त मान हलवत होत्या. मला कळलंच नाही आणि तुला कळलं. लुगडं भिजून सुटलं होतं, अंगावर नुसता परकर आणि मागून उघडी चोळी, आणि तुझ्या डोक्यावरचा तो लाइट सरळ त्यांच्या अंगावर पडून राहिला होता. आयुष्यभर सासऱ्यांसमोरही डोक्यावरचा पदर न ढळू दिलेली बाई ती.

तू लाइट बंद केलास. पाठ फिरवलीस. आणि म्हणालास, "आजी, मी तिकडं तोंड करून उभा आहो. तुमचं झालं का सांगजा."

बस एवढंच.

बाबू, तू दोन-तीन मिनिटं तरी तसाच उभा होतास, अंधारात, कमरेएवढ्या पाण्यात, दाराच्या चौकटीला धरून. बाहेर काय काय आपटल्याचे आवाज. पाणी चढून राहिलं होतं, तुला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं ते, पण तू "लवकर करा" म्हणाला नाहीस. मी चाचपडत कपाटातून माझं एक सुती पातळ काढलं, ते पण अर्धं ओलं, त्यांना गुंडाळलं, पदर खोचून दिला. मग त्या आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "हं, झालं बाबू." त्या आवाजावरून मला समजलं की आता या येतील. पाठीवर घेताना तू तो हेडलॅम्प काढून त्यांच्या कपाळाला बांधलास, म्हणालास, "आजी, माझे हात दोराले लागतील, रस्ता तुम्हाले दाखवा लागते."

आणि म्हातारीने दाखवला! जिन्यावरून मी बघत होते, नाही, जिन्यावर तर मी नंतर आले, दारातून बघत होते, तुझ्या पाठीवरून तो उजेड डावीकडे उजवीकडे फिरत होता आणि सासूबाईंचा आवाज, "इकून ये, तिकडं नालीचं झाकण निघालं दिसते." मला रडावं का हसावं समजेना. पाच मिनिटांपूर्वी जी बाई बुडेन पण येणार नाही म्हणत होती ती आता गल्लीची ट्राफिक पोलीस झाली होती.

यांना आणि मला कसं नेलं ते लिहीत नाही, मी किती किंचाळले ते तुला माहीत आहे, बाकी कोणाला कळायची गरज नाही. मुखवटे मी पोटाशी बांधून आणले एवढं सांगते.

आता ते का आठवते सारखं, ते पण सांगते. चार दिवसांनी लोक आले मदत वाटायला. चांगलं काम आहे, नाव ठेवत नाही, किटमध्ये तांदूळ होते, तेल होतं, ब्लँकेट होतं, घरात तेव्हा चिखलाशिवाय काही नव्हतं. पण सासूबाईंना खुर्चीवरून उठवलं, किट हातात दिलं, म्हणाले आजी इकडे बघा, थोडं हसा. एक फोटो नीट नाही आला म्हणून परत घेतला. आणि मग तो बॅनर मागे दिसून नाही राहिला म्हणून तिसरा. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री ते ब्लँकेट घेतलं नाही अंगावर, ओल आलेली जुनी गोधडीच घेतली. पंचनाम्यानंतर दहा हजार खात्यात आले ते मात्र मुकाट्याने घेतले, म्हणाल्या सरकारनं फोटो नाही काढला. (काढला होता, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचा काढला होता. मी सांगितलं नाही.)

म्हणून म्हणते, माणसाला पाण्यातून काढणारे पुष्कळ होते त्या रात्री, आर्मीची पोरं होती, एनडीआरएफवाले होते, शंकरनगरच्या मूकबधिर शाळेतली लेकरं काढली त्यांनी, सगळ्यांना दंडवत. पण पाठ फिरवून उभं राहायचं कोण शिकवते? तुझ्या आईला भेटायचं आहे मला एकदा.

आता गाविलगड. तू हेडलॅम्प परत घ्यायला आलास तेव्हा सासूबाईंनी तो दिलाच नाही, उशीखाली ठेवतात, रात्री पाऊस आला की कपाळाला लावून बसतात. तू म्हणालास राहू द्या, मले दुसरा आहे, आणि जाता जाता मला म्हणालास काकू, चला किल्ल्यावर, तुम्ही घरातच बसून राहिल्या. खरं होतं. चार महिने मी बादलीत पाणी पडायचा आवाज आला तरी दचकत होते. एका ट्रेकवाल्या ग्रुपला पहिले विचारलं होतं, त्यांनी वय ऐकलं आणि रिप्लायच नाही. तू वय विचारलंच नाहीस, बुटाचा नंबर विचारला.

ट्रेकवाले हसतील, चिखलदऱ्याकडून गाविलगड म्हणजे काय ट्रेक आहे का म्हणून. माझ्यासाठी होता. अमरावती, परतवाडा, मग तो घाट, जानेवारीची थंडी, पहाटे दात वाजून राहिलेले. शार्दूल दरवाज्यावर ते हत्ती धरलेलं गंडभेरुंड, दोन तोंडांचा पक्षी, तू दाखवलंस, त्याच्याखाली मी दहा मिनिटं बसले, निमित्त शिल्प बघायचं, खरं तर दम लागला होता. आपल्या नागपूरच्या भोसल्यांचा किल्ला आणि मी ५७ वर्षांची होईपर्यंत पाहिला नाही, लाजच वाटली. शाळेत एका ओळीत होतं. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांच्या वेलस्लीने घेतला, किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला, दोन दिवसांत भोसल्यांचा इंग्रजांशी देवगावचा तह. तू तटाजवळ उभं राहून सांगितलंस की बाकी बाजूंनी खोल दरी, उत्तरेकडूनच तेवढी डोंगराला जोडलेली जमीन, इंग्रजांनी तोफा डोंगरातून ओढत आणल्या आणि तिकडूनच भिंत फोडली. मी विचारलं, मग तिकडे जास्त पक्की बांधली नव्हती का? तू म्हणालास, बांधली होती न काकू, दुहेरी होती. मग मला आमची गल्ली आठवली आणि मी गप्प बसले.

आणि मग तो तलाव. किल्ल्यावर इतकं पाणी असेल असं मला कोणी सांगितलंच नव्हतं! उंच डोंगरावर, हिरवं, शांत, काठाला दगड लावलेले, शेकडो वर्षं पावसाचं पाणी तिथे येऊन थांबते आणि कोणाच्या घरात जात नाही. सगळे पुढे गेले आणि माझे पाय तिथेच थिजले. पाणी हललंसुद्धा नव्हतं. पण मला झेंडूची फुलं दिसायला लागली. तुमच्यातला तो चष्मेवाला पोट्टा, वाईट नाही बिचारा, त्याने मोबाईल वर केला, रील बनवत होता सकाळपासून, म्हणे काकूंचा फिअर फॅक्टर.

तू त्याला काहीच बोलला नाहीस. नुसती तुझी सॅक त्याच्या एका हातात दिलीस, दुसऱ्या हातात दोन बाटल्या आणि माझी काठी, म्हणालास पकड जरा, बुटाची लेस बांधतो. आणि बसलास लेस बांधत, माझ्याकडे पाठ करून. किती वेळ बांधत होतास! एवढी लेस कोण बांधते बापा? तो पोट्टा दोन्ही हात भरून उभा.

माझं मी रडून घेतलं, पदराने तोंड पुसलं, मग तूच आवाज न देता उठलास आणि चालायला लागलास, मी मागून आले. काठाकाठाने आले. पाण्यात हात नाही घातला, तेवढं अजून जमणार नाही.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. लेस ऐकल्यावर हसल्या, म्हणाल्या, त्याची लेस सुटलीच नसन. चिखलदऱ्याचा खवा आणला होता त्यांच्यासाठी, त्याच्या पोळ्या केल्या आज, तुझ्यासाठी चार बाजूला ठेवल्या आहेत, शिळ्या व्हायच्या आत ये. आणि त्यांनी लिहायला सांगितलं आहे की यंदा महालक्ष्म्यांना जेवायला तू आमच्याकडे, मावशीकडे नाही, मावशीला त्या स्वतः फोन करणार आहेत. हेडलॅम्पचे सेल संपत आले म्हणतात, कोणते लागतात ते आत्ताच कळव, पावसाळ्याच्या आधी आणून ठेवते.

तुझी,
डागा लेआउटवाली काकू