केमोची ‘सवय’ शरीराला होत नाही

संपादक महोदय,

‘केमो आधी लागू पडली, मग शरीराला तिची सवय झाली’ हे वाक्य आरोग्यविषयक लेखांत वारंवार छापून येते. ते चूक आहे, आणि त्यामुळे रुग्णाला दोष आपल्या शरीराचाच वाटू लागतो. बदलतात त्या गाठीतल्या पेशी, आणि पुष्कळदा हा बदल पेशीचक्र, म्हणजे पेशी वाढून दुभंगण्याची फेरी, चालवणाऱ्या जनुकांत झालेला असतो.

झपाट्याने वाढणारी मानवी पेशी साधारण २४ तासांत एक फेरी पुरी करते. त्यातले सुमारे ८ तास डीएनएची नक्कल करण्यात जातात, प्रत्यक्ष दुभंगायला जेमतेम एक तास लागतो. उरलेला वेळ तयारीचा आणि तपासणीचा. नक्कल सुरू होऊ नये म्हणून आरबी हे प्रथिन दार अडवून असते. सायक्लिन डी हे प्रथिन आणि सीडीके ४/६ ही विकरे (एन्झाइम) यांची जोडी त्याला फॉस्फेट चिकटवते, तेव्हा ते बाजूला होते. डीएनए तुटला असेल तर पी५३ हे प्रथिन पी२१ या दुसऱ्या प्रथिनामार्फत फेरी थांबवते, आणि दुरुस्ती शक्य नसेल तर पेशीला मरायला लावते.

बरीचशी केमो या वेळापत्रकावरच चालते. फाइव्ह-एफयू हे डीएनएच्या नकलेत अडथळा आणणारे औषध शिरेतून एकदम दिले तर १० ते २० मिनिटांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. तेवढ्या वेळात जी पेशी नक्कल करत नव्हती, ती बहुतांशी सुटली. म्हणून काही उपचारक्रमांत ४६ तासांचा पंप लावतात. घरच्यांना त्याचा जाच वाटतो, पण तो मध्येच काढायला लावू नये.

आता बिघाड कुठे होतो ते पाहा. पी५३ निकामी असेल तर सिस्प्लॅटिन या प्लॅटिनमच्या औषधाने डीएनए जायबंदी होऊनही मरण्याचा हुकूम सुटत नाही. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचे औषध पेशी दुभंगताना गुणसूत्रे ओढणारे धागे गोठवते, पण तिथली तपासणी ढिली असली की पेशी न दुभंगताच त्या टप्प्यातून निसटते. अंडाशयाच्या काही आक्रमक कर्करोगांत पेशीला नकलेकडे ढकलणाऱ्या सायक्लिन ई जनुकाच्या जादा प्रती असतात. असा कर्करोग अनेकदा सुरुवातीपासूनच प्लॅटिनमच्या औषधांना दाद देत नाही. काही पेशी तर चक्राबाहेर नुसत्या निपचित पडून राहतात आणि उपचार संपल्यावर जाग्या होतात. अशा वेळी ‘डोस वाढवा’ हा आग्रह फारसा कामाचा नसतो.

औषधांचा क्रमही सांभाळावा लागतो. स्तनाच्या कर्करोगासाठी २०१५ पासून वापरात असलेले पाल्बोसिक्लिब सीडीके ४/६ ला रोखते आणि पेशीला नकलेआधीच थांबवते. थांबलेली पेशी दुभंगण्यापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे त्याच वेळी दिलेले पॅक्लिटॅक्सेल वाया जाऊ शकते. शिवाय गाठीत आरबीच उरले नसेल तर पाल्बोसिक्लिबने सीडीके ४/६ रोखूनही नकलेचे दार उघडेच राहते. याच उणिवेचा एका ठिकाणी मात्र फार सुंदर उपयोग झाला आहे. फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगात आरबी जवळपास नेहमीच गेलेले असते. तिथे केमोच्या आधी ४ तासांच्या आत ट्रायलासिक्लिब हे सीडीके ४/६ रोखणारेच दुसरे औषध देतात. अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशी तात्पुरत्या थांबतात आणि वाचतात, गाठीच्या पेशी मात्र चालत राहतात आणि केमोच्या तडाख्यात सापडतात.

आपल्या वार्ताहरांना विनंती, ‘कर्करोगाचे जनुक सापडले’ एवढ्यावर न थांबता ते फेरीच्या कोणत्या टप्प्यावर काम करते, हेही लिहावे. आणि वाचकांना हे आवर्जून सांगावे की गाठ पुन्हा वाढली तर जुन्या अहवालावर भागवू नये, नव्याने बायोप्सी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. पहिल्या तपासणीत असलेले आरबी दुसऱ्या वेळी नसू शकते.

एक वाचक