फाईन म्हणजे दंडच ना गं?

ती. आई आणि बाबा,
सा. न.

आई, रविवारी फोनवर तू विचारलंस की फाईन म्हणजे दंडच ना गं, मग तिकडे कसे आहात विचारलं की सगळे फाईन फाईन काय म्हणतात, आणि मी घाईत "अगं ते दोन वेगळे शब्द आहेत" म्हणून विषय संपवला. ते चुकीचं सांगितलं मी तुला. रात्री सहज शोधायला बसले तर दोन्ही एकाच घरातले निघाले, आणि मग झोपच लागेना, इतकं काय काय सापडत गेलं. फोनवर हे नीट सांगता येणार नाही म्हणून हातानं लिहितेय. अक्षर समजून घे.

मूळ शब्द लॅटिन, फिनिस. अर्थ शेवट, हद्द. फिनिश आणि फायनल त्यातूनच आले हे तर दिसतंच, पण डिफाईन म्हणजे शब्दाची हद्द आखणं, कन्फाईन म्हणजे हद्दीत कोंडणं, इन्फिनिट म्हणजे ज्याला अंतच नाही तो, अगदी आपला अनंत. फायनान्ससुद्धा ह्याच घरातला, कारण आधी त्याचा अर्थ देणं चुकतं करणं, हिशोब मिटवणं असा होता.

आता तुझा दंड. जुन्या इंग्लंडमध्ये कोर्टात वाद मिटवून जो शेवटचा समझोता व्हायचा त्यालाच फाईन म्हणायचे. बाबा, हे तुम्हाला फार आवडेल, जमिनीच्या अशा समझोत्यात चामड्याच्या एकाच पानावर तोच मजकूर तीनदा लिहायचे, दोन प्रती दोन पक्षांना आणि अगदी तळाची तिसरी कोर्टाच्या दप्तरात, आणि पान कापताना सरळ नाही कापायचे, मुद्दाम नागमोडी कापायचे, म्हणजे उद्या कोणी खोटी प्रत घेऊन आलं तर कडाच जुळणार नाहीत. तळाची म्हणून त्या प्रतीला नाव पडलं फूट ऑफ फाईन, फाईनचा पाय. ११९५ पासून हे पाय नीट जपून ठेवायला लागले आणि १८३३ च्या कायद्याने ती सगळी पद्धतच बंद केली, म्हणजे सहाशेवर वर्षं चाललं हे. पुढे पुढे तर भांडण नसलं तरी जमीन विकायची म्हणून नावापुरता दावा लावायचे, कारण शेवटी कोर्टाचा पक्का कागद हातात यायचा. मला तो नागमोडी काप डोळ्यासमोरून जातच नाहीये.

आणि त्याच काळात राजाची मर्जी बिघडून एखादा तुरुंगात पडला की तो पैसे भरून प्रकरणाचा शेवट करायचा. त्या शेवट करण्याला फाईन, मग हळूहळू त्या पैशालाच फाईन. म्हणजे दंड हा अर्थ शिक्षेतून आलेला नाही, मिटवण्यातून आलाय. पैसे भरले, विषय संपला. आजही तसंच आहे की.

मग छान कुठून आला? तोही हद्दीतूनच. हद्द म्हणजे टोक, आणि ज्याच्यापुढे आणखी चांगलं काही उरत नाही ते टोकाचं, म्हणजे उत्तम. ह्या अर्थाचा शब्द फ्रेंचमधून आला. फाईन गोल्ड म्हणजे शुद्ध सोनं, सोन्याची शुद्धता हजारात किती भाग ते सांगतात त्यालाही फाईननेसच म्हणतात, आणि २२ कॅरेटवर ९१६ असतं ते म्हणजे हजारातले ९१६ भाग सोनं. शुद्धवरून सफाईदार, सफाईदारवरून नाजूक, नाजूकवरून बारीक असा तो सरकत गेला. बारीक वाळू फाईन, बारीक टोकाची पेन्सिल फाईन, करारातला कोणी न वाचणारा बारीक मजकूर फाईन प्रिंट. हवेच्या बातम्यांमध्ये पीएम २.५ म्हणतात ना, अडीच मायक्रॉन आणि त्याहून लहान कण, त्यांनाही शास्त्रज्ञ फाईन पार्टिकल्स म्हणतात, आणि ते तर अजिबात छान नसतात, सरळ फुप्फुसात खोल जातात.

बाबा, तुमचा फाईन लेगपण ह्याच बारीकमधला. दोन्ही बाजूच्या स्टंप जोडणारी एक रेघ मनात ओढा आणि ती कीपरच्या मागे वाढवत न्या. त्या रेघेच्या जवळ, म्हणजे अगदी बारीक कोनात जो उभा तो फाईन, आणि काटकोनात लांब उभा तो स्क्वेअर. इतकी वर्षं आपण एकत्र मॅच बघितली आणि हा फाईन कुठला हे मी कधी विचारलंच नाही तुम्हाला. (इटालियन संगीताच्या कागदावर हेच स्पेलिंग असतं पण उच्चार फीने, आणि तिथे अर्थ अजून शेवटच आहे, वाजवणाऱ्याने इथे थांबायचं. मला हे फार गोड वाटलं.)

पण आई, पुस्तकातलं हे सगळं एक वेळ सोपं, बोलण्यातला फाईन मला शिकायला खूप दिवस लागले. सुरुवातीला मी ऑफिसात एकीला विचारलं, कॉफी आणू का तुला? ती म्हणाली आय एम फाईन. मला वाटलं तब्येत सांगतेय, मी आणून दिली. तिथे त्याचा अर्थ नको, असा होता. मग एकदा मी तिलाच मेसेज केला की माझी शनिवारची पाळी तू घेशील का, तर उत्तर आलं फाईन, आणि पुढे पूर्णविराम. मी निर्धास्त. सोमवारी कळलं की तिला खूप अडचण झाली होती आणि ती दुखावली होती, तिने ते दात ओठ खात लिहिलं होतं. मी तिची माफी मागितली, आता आम्ही चांगल्या मैत्रिणी आहोत, पण ते मनाला लागून राहिलंय. नंतर वाचलं की अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हेच तपासलं होतं, एका शब्दाच्या मेसेजपुढे पूर्णविराम दिला की वाचणाऱ्याला तो कमी मनापासूनचा वाटतो, आणि तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असलं की काही फरक पडत नाही.

आपल्याकडे हे काम बरं करतं, नाही का? बरं म्हणजे हो, बरं बरं म्हणजे पुरे आता, बरं का म्हणजे लक्ष दे, बरं झालं म्हणजे समाधान, आणि तू नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवतेस तेव्हा मला दिवसभर चैन पडत नाही. पुस्तक कसं होतं विचारलं आणि कोणी बरं होतं म्हटलं की समजायचं फारसं आवडलेलं नाही. फाईनचंही तसंच, टोकाचं उत्तम होतं ते आता ठीकठाकवर आलंय. पण एक फरक आहे. फाईन म्हटलं की समोरचा पुढे विचारत नाही, विचारूच नये अशी ती रीत आहे. तू बरी आहेस ना विचारतेस तेव्हा तू उत्तरापेक्षा आवाज ऐकत असतेस.

म्हणून सांगते. मागच्या बुधवारी तू बरी आहेस ना म्हणालीस आणि मी फाईन म्हटलं, तेव्हा मला ताप होता, दोन दिवस खोलीतून बाहेर पडले नव्हते. मराठीत बरी आहे म्हणायला गेले असते तर रडू आलं असतं, म्हणून तो शब्द घेतला आणि विषय मिटवला. आता ताप उतरलाय, कालपासून कामावर जातेय, जेवण जातंय. बरी आहे, खरंच बरी.

बाबा, तुमचा गुडघा कसा आहे विचारलं तेव्हा तुम्हीपण फाईन म्हणाला होतात. तो फाईन कुठला ते आईकडून लिहून पाठवा, तुम्ही नका लिहू.

तुमची लेक