आधी टायर ठरव, मग एक्सल

वाळूज,
छत्रपती संभाजीनगर

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार. बुलेट मोटारसायकलची तीनचाकी करतोयस त्याबद्दलचं तुझं पत्र आणि फोटो मिळाले. चॅसिसचं वेल्डिंग इतकं एकसारखं आलंय की आमच्या शॉपमधल्या पोरांनाही दाखवलं. बुलेटचा पुढचा भाग जसाच्या तसा ठेवलास हे तर मला फारच आवडलं. सौराष्ट्रातल्या छकड्याला, म्हणजे तिकडच्या बुलेटच्या तीनचाकीला, जी ऐट आहे ती त्याच्या बुलेटच्या तोंडामुळंच आहे.

पण मागच्या एक्सलबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास आणि माझं सगळं लक्ष तिथंच अडकलं. भंगारात व्हॅनचा अख्खा एक्सल स्वस्तात मिळतोय, तोच बसवतो म्हणतोस. तो घे, हरकत नाही. पण अख्खा बसवू नकोस. का ते नीट सांगतो, कारण तीनचाकीचं सगळं नशीब रेशोवर, म्हणजे इंजिनाच्या किती फेऱ्यांना चाकाची एक फेरी या एका आकड्यावर, ठरतं आणि वेल्डिंग झाल्यावर तो बदलणं जिवावर येतं.

त्या एक्सलचे दात तू मोजलेस, पिनियन (शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर) ८ आणि क्राउन (एक्सलवरचा मोठा गिअर) ४१. म्हणजे शाफ्टच्या ५.१२५ फेऱ्यांना चाकाची एक फेरी. व्हॅनला ते शोभतं, कारण तिथं टॉप गिअरमध्ये शाफ्ट इंजिनाच्याच वेगानं फिरतो. बुलेटचं तसं नाही. तिच्यात गिअरबॉक्सच्या आधीच प्रायमरी चेन बसलीय, इंजिनाकडून गिअरबॉक्सला फिरवणारी. तुझ्या इंजिनात तिच्या दोन चकऱ्यांना, म्हणजे दातेरी चाकांना, २५ आणि ५६ दात आहेत, म्हणजे २.२४ पट घट तिथंच झाली. आता पुढं चेन एकास एक ठेवून हा एक्सल जोडलास तर २.२४ गुणिले ५.१२५, एकूण साडेअकरा. व्हॅनच्या १२ इंची टायरवर ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला जवळपास ६,९०० फेऱ्यांवर जाईल. जुन्या ३५० बुलेटची पूर्ण १८ हॉर्सपॉवर मिळते ५,६२५ फेऱ्यांना. त्याच्यावर ते इंजिन नेणं म्हणजे क्रँकचा जीव घेणं. चेनमध्ये उलट चकऱ्या टाकून, पुढं मोठी मागं छोटी, हे सावरता येईल असं तुला वाटेल; पण बुलेटच्या गिअरबॉक्सपाशी तेवढी मोठी चकरी मावत नाही. शिवाय आपल्या इंजिनाचा क्रँक गाडीला आडवा आणि एक्सलचा पिनियन गाडीच्या लांबीत जाणाऱ्या शाफ्टचा, म्हणजे मध्ये काटकोनाचा आणखी एक खटाटोप.

म्हणून माझं म्हणणं असं की त्या एक्सलमधलं फक्त डिफ्रन्शियल, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरसंच, वापर. क्राउन काढ आणि त्याच्याच बोल्टांवर चेनची चकरी बसव. पिनियन बाद, ५.१२५ बाद. आता रेशो पूर्णपणे तुझ्या हातात, चकरीच्या दातांवर. आतल्या बेव्हल गिअरला तेल लागतंच, तेव्हा त्यांच्याभोवतीचा पिंजरा दोन्ही बाजूंनी सील लावून बंद करावा लागेल. त्यात कसूर नको. डिफ्रन्शियल नकोच, सरळ सळई घालू, असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. वळणावर दोन्ही चाकं सारखीच फिरली की गाडी सरळ पळू पाहते आणि टायर घासून जातात. एकाच चाकाला ड्राइव्ह दिला तर रेस दिली की गाडी एका बाजूला ओढते. धारूरच्या घाटात मला तुझ्याबद्दल यातलं काहीच नकोय.

आता खरा मुद्दा, किती दात. इथं लोक इंजिनापासून सुरुवात करतात. तू टायरपासून कर.

तुझ्या बुलेटचं मूळ गणित बघ. मागच्या चेनच्या चकऱ्यांना पुढं १६, मागं ३८ दात (यालाच पुढं १६-३८ म्हणतो), वर प्रायमरीचे २.२४, टॉपमध्ये एकूण ५.३२. खात्री हवी असेल तर प्लग काढ, मॅग्नेटचं कव्हर उघड, रोटरवर (इंजिनाबरोबर फिरणारं मॅग्नेटचं चाक) आणि मागच्या टायरवर खडूची एकेक खूण कर. टॉपमध्ये टाकून चाक हातानं दहा वेळा फिरव आणि रोटर मोज. ५३ च्या थोडं पुढं येईल. १९ इंची चाकाचा घेर साधारण २ मीटर, म्हणून ताशी ८० ला ती गाडी ३,५०० च्या आसपास चालते. ही बुलेटची मूळ चाल.

व्हॅनचा १४५ मिलिमीटर रुंदीचा १२ इंची टायर एका फेरीत १.६६ मीटर जातो. म्हणजे नुसतं चाक छोटं झाल्यानंच गाडी वीस-बावीस टक्क्यांनी ओढीला भारी होते, म्हणजे चाकाशी ओढ तेवढी वाढते. तो टायर ठेवलास तर १६-३८ जशीच्या तशी राहू दे. ताशी ६० ला ३,२०० फेऱ्या, ७० ला ३,७००. वजन वाढलंय त्याला हे अगदी बरोबर बसतं.

पण फोटोत जीपचे १५ इंची रुंद टायर टेकवून ठेवलेले दिसतात आणि मला माहीत आहे की तुझा जीव त्यांच्यावरच आहे. त्यांचा घेर २.२५ मीटर धर. त्यांच्यावर १६-३८ ठेवलीस तर गाडी मूळ बुलेटपेक्षाही ढिली पडेल, म्हणजे चाकाशी ओढ कमी मिळेल, आणि वजन तर पावणेदोनपट. गाडी ३०० किलो, तू, काकू, काका आणि सामान मिळून २२० धरले तर ५२० किलो झाले. दहात एक असा चढ धर. नुसत्या चढाला ५२ किलोचा ओढा लागतो, वर टायरच्या घर्षणाला आणि वाऱ्याला ११ धर, एकूण ६३. १६-३८ वर दुसऱ्या गिअरमध्ये चाकाशी जेमतेम ५८ किलो मिळतील. म्हणजे आख्खा घाट पहिल्यात, कण्हत, ताशी वीसनं. मे महिन्याच्या ऊन्हात हवेवर थंड होणारं इंजिन असं चढवायचं म्हणजे पिस्टन तापून सिलिंडरमध्ये धरायलाच (अडकायलाच) बोलावणं.

आता मागं ५१ दात घे. एकूण ७.१४ होतात. दुसऱ्यात ७८ किलो मिळतात, म्हणजे ६३ काढून वर पंधरा शिल्लक. ताशी २५ ला इंजिन अडीच हजारांच्या आतच राहील, आरामात. सपाटीला ६० ला ३,२०० आणि ७० ला ३,७००. १२ इंची टायरवर १६-३८ नं जे मिळत होतं तेच इथं १६-५१ नं मिळतं. हिशोब दोन्हीकडून एकाच जागी येतो म्हणूनच मी या आकड्याबद्दल ठाम आहे.

"मग पळणार किती?" हे तू विचारणारच. ढिल्या गिअरिंगनं गाडी जास्त पळते हा समज तीनचाकीला लागू नाही. दोन चाकं, मडगार्ड, मागची सीट, एवढा सगळा पसारा वारा अडवतो. ताशी ८० ला माझ्या अंदाजानं इंजिनाकडून बारा-साडेबारा हॉर्सपॉवर लागतील. १५ इंची टायरवर १६-३८ असेल तर ८० ला इंजिन ३,१५० वर असतं आणि तिथं त्याच्याकडं अकराच्या घरातच ताकद असते. मग तिसऱ्यात यावं लागतं. ५१ वर ते ४,२०० वर असतं आणि पुरून उरतं. म्हणजे ओढीला भारी केलेली गाडीच ८० धरून चालेल. मांजरसुंब्याचा घाट उतरतानाही तिचा फायदा आहे. इंजिनच गाडीला रोखून धरतं, ब्रेकवर सगळा भार येत नाही.

व्हॅनच्या एक्सलचा रेशो तू एक चाक उचलून मोजलास का? तसं असेल तर एक लक्षात ठेव. एक चाक जमिनीवर अडलेलं असताना दुसरं फिरवलं तर त्याच्या दोन फेऱ्यांना क्राउनची एकच फेरी होते. लोक इथंच फसतात आणि अर्धा रेशो धरून बसतात. तू दात मोजलेस ते उत्तम केलंस.

चकरी मी इथं कापतो. ईएन ८ पोलादाच्या प्लेटची, दात कडक करून. ५१ ची एक आणि ४८ ची एक अशा दोन ठेवू. मागचे तीन दात म्हणजे सहा टक्के, पुढचा एक दात म्हणजेही साधारण तेवढंच. पण पुढं १५ च्या खाली जाऊ नकोस, छोट्या चकरीवर चेन फार तीव्र वळते आणि लवकर ताणते. चेन ओढायला मागंपुढं सरकणारी जागा चॅसिसमध्ये आत्ताच ठेव. रिव्हर्सचाही विचार कर. पाच क्विंटलची गाडी तुमच्या उताराच्या अंगणातून पायानं मागं ढकलणं काकांना जमणार नाही.

कागदाचं मात्र गंभीरपणे घे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल, दोन्हींचा रोख एकच: कंपनीनं दिलेल्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालत नाही. तेव्हा काकूंना तिच्यात बसवून अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला न्यायचं तुझ्या मनात आहे ना, त्याच्या आधी आरटीओत जाऊन काय शक्य आहे ते विचारून घे. तोवर शेतातल्या वाटेवर चालव.

टायर कोणता ते पक्कं कर. मग सगळे बसतील एवढं वजन टाकून, खडूची खूण जमिनीवर एकदा टेकल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचं अंतर टेपनं मोज आणि मला कळव. सोबत क्राउनच्या बोल्टांचा पिच सर्कल (सगळ्या बोल्टांच्या मध्यातून जाणारं वर्तुळ) आणि मधल्या भोकाचा व्यास व्हर्नियरनं मोजून पाठव, अंदाजानं नको. चकरीचं तसंच भोक पिंजऱ्यावर घट्ट बसलं तरच चेन एकसारखी चालेल. मापं आली की आठवड्यात कापून एसटीच्या पार्सलनं पाठवतो.

काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
गिअरवाला दोस्त