मोजपट्टी घेऊन आलेल्या ताईंना

तुमची नावं विचारायची राहूनच गेली. दोघी आला होतात, कारण बाळाची लांबी एकटीला नीट मोजता येत नाही. एकीनं डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीनं गुडघे सरळ करून तळपायांशी पट्टी सरकवायची. २ वर्षांच्या आतलं मूल झोपवूनच मोजायचं, हेही तेव्हाच कळलं. आमचं बाळ दिसायला गुटगुटीत, म्हणून आम्ही निर्धास्त. वाढीच्या तक्त्यावर मात्र लांबीचा ठिपका वयाच्या मानानं हव्या त्या रेषेच्या खाली पडला. वजन ठीक आणि उंची मागे, असं असू शकतं हे आमच्या गावीही नव्हतं.

तुम्ही रागावला नाहीत. गर्भारपणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे १००० दिवस मोलाचे, त्यातले बरेच अजून हातात आहेत, एवढंच म्हणालात. मग बाळाची वाटी मागितलीत. त्यातलं आमचं पाण्यासारखं पातळ खाणं चमच्यावरून ओघळलं तेव्हा तुम्ही हसलात, मीही हसले. ६ महिन्यांनंतर अंगावरचं दूध चालू ठेवून चमच्यावर टिकेल असं घट्ट भरवायचं, त्यात डाळ, अंडं, भाजी आलटून पालटून घालायची, हे त्या एका चमच्यानं शिकवलं. साबणानं हात धुण्याचंही सांगितलंत. सारखे जुलाब झाले तर खाल्लेलं अंगी लागत नाही.

सासूबाईंना शेजारी बसवून बोललात, त्याचे वेगळे आभार. माझ्या एकटीच्या सांगण्यानं ती वाटी बदलली नसती.

पुढच्या मोजणीला दुसऱ्याच कुणी आल्या. ठिपका आता रेषेला टेकलाय, तेवढं तुम्हाला कळवायचं होतं.