आप्पा, कुत्र्यांची सकाळ लावून दिलीत त्याबद्दल

आदरणीय आप्पा,
रामराम.

पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालात, तरी भुसावळच्या आपल्या गल्लीत ज्या ज्या घरी कुत्रं आहे तिथं तिथं तुम्ही स्वतः येऊन त्याची सकाळ लावून दिलीत. त्याचे आभार मानायला आम्ही सगळ्या घरांनी मिळून हे पत्र लिहिलं आहे. चारचौघांनी वाचावं म्हणून ते उघडंच ठेवतो आहोत. ज्यांच्या दारी नवं पिल्लू आलंय, त्यांनाही तुमचं सांगणं कळू दे.

कुत्र्याची सकाळ आदल्या रात्री दहाला सुरू होते, हे तुम्ही पहिल्यांदा शिकवलंत. दहाला शेवटचं बाहेर नेऊन आणलं तर मोठं कुत्रं पहाटेपर्यंत निवांत राहतं. पिल्लाचा हिशेब वेगळा: जितक्या महिन्यांचं, साधारण तितकेच तास ते लघवी धरू शकतं. तीन महिन्यांच्या पिल्लाने रात्रीत घर ओलं केलं तर त्याला रागावून काय उपयोग? मध्ये एकदा उठायला हवं ते माणसानेच. उठल्या उठल्या, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर, या तीन वेळा त्याला बाहेर न्यायचंच.

उन्हाळ्याचं वेळापत्रक तर तुमच्यामुळेच बसलं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि पावणेसहाच्या सुमारास सूर्य वर येतो. म्हणून सव्वापाचला बाहेर पडायचं आणि सव्वासहाला घरात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकूनच गार होतं. चपट्या नाकाच्या पग जातीच्या कुत्र्याला तर धापाही धड टाकता येत नाहीत, त्याला वीस मिनिटं पुरे. डांबरी रस्ता दिवसभराची धग रात्री उशिरापर्यंत धरून ठेवतो, त्यामुळे संध्याकाळी ऊन गेलं म्हणून लगेच निघायचं नाही. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवायची. आपल्याला सोसलं नाही तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. लाळ गळतेय, हिरड्या लालभडक झाल्यात, पाय लटपटतात असं दिसलं तर ऊन लागलं समजायचं. तेव्हाचं तुमचं वाक्य आता गल्लीतल्या पोरांनाही पाठ आहे: आधी गार करा, मग गाडीत घाला. नळाचं पाणी पोटावर, मांड्यांच्या मध्ये आणि पंजांवर ओतायचं, पंखा लावायचा, आणि मग दवाखाना गाठायचा.

फिरताना पट्टा ओढत घाई करायची नाही. वास घेणं हेच त्याचं काम, पहिली दहा मिनिटं त्याला ते करू द्यायचं. गळ्यातल्या पट्ट्यातून दोन बोटं सहज जायला हवीत. मागून विष्ठा उचलायची, आणि उचलण्याआधी नीट बघायची: डांबरासारखी काळी असेल तर पोटात रक्त जातंय, तांदळाच्या दाण्यासारखं काही वळवळत असेल तर पट्टकृमी. कपाशीला किंवा केळीला फवारणी झाली असेल तर त्या बांधावरून न्यायचं नाही, चारीतलं पाणी पिऊ द्यायचं नाही.

परत आल्यावर ओट्यावरची दहा मिनिटं. यासाठी आप्पा, तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे. वरचा ओठ उचलून हिरडी अंगठ्याने दाबायची. दाबलेली जागा पांढरी पडते आणि दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडी मुळातच फिकट असेल, कुत्रं मलूल असेल, खात नसेल तर गोचीडतापाची शंका घ्यायची आणि रक्त तपासायचं. मग बोटांची टोकं केसांत उलटी फिरवत न्यायची: कानाच्या आत, गळपट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीखाली, बोटांच्या बेचक्यांत. मसुराएवढं काही लागलं तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढायचं आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायचं. रॉकेल लावायचं नाही, चटका द्यायचा नाही, नखाने चिरडायचं तर मुळीच नाही; डिवचलेली गोचीड पोटातलं उलट जखमेत सोडते. आणि नुसत्या कुत्र्यावर औषध मारून भागत नाही, कारण मादी भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. तुम्ही ओट्याच्या फटी सिमेंटने बुजवायला लावल्यात, ते फार मोलाचं काम झालं.

पावसाळ्यात आपली काळी माती बोटांच्या मध्ये चिकटून वाळते आणि खड्यासारखी टोचते. कोमट पाण्यात पंजे बुडवून ती भिजवायची, ओढून काढायची नाही, आणि बेचक्या कोरड्या पुसायच्या, नाहीतर बुरशी धरते. पावसाळा सरला की कुसळांची पाळी. कान सारखा झटकत असेल तर आत कुसळ गेलं असू शकतं. काडी न घालता दवाखान्यात न्यायचं.

खाणं फिरून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने, धाप थांबल्यावर. निव्वळ दूध-भाकरीवर कुत्रं पोसलं जात नाही. मोठ्या कुत्र्याला दूध पचेलच असं नाही, पातळ होतं. त्यापेक्षा ज्वारीची भाकरी, उकडलेलं अंडं किंवा हाड काढलेलं चिकन, आणि चमचाभर दही. भरताच्या दिवसांत तुमचं सांगणं आम्ही कडक पाळतो. भरितातला, शेवभाजीतला कांदा-लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, थोडा थोडा रोज गेला तरी बाधतो, आणि परिणाम दोन-चार दिवसांनी गडद लघवीतून दिसतो. तोवर काय खाल्लं होतं हे घरातलं कुणी आठवत नाही. पाणी किलोमागे रोज 50 ते 60 मिली, उन्हाळ्यात त्याहून जास्त. सकाळी रिकाम्या पोटी पिवळा फेस ओकत असेल तर रात्री झोपताना भाकरीचा चतकोर द्यायचा. बहुतेकदा तेवढ्याने थांबतं. नाही थांबलं तर डॉक्टरांना दाखवायचं.

कोपऱ्यावरच्या घरातलं पिल्लू या महिन्यात तीन महिन्यांचं होतंय, त्याची रेबीजची पहिली लस आहे. त्या सकाळी तुम्ही यावं. चहा झाला की लगेच निघू.

आपले,
गल्लीतली सगळी कुत्रेवाली घरं