ईमेलवरील प्रेषकाचे नाव आणि संस्थांची जबाबदारी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बनावट ईमेलमुळे झालेल्या फसवणुकीच्या बातम्यांच्या शेवटी बहुधा एकच सल्ला असतो : अनोळखी ईमेलमधील दुव्यावर क्लिक करू नका. सल्ला योग्यच आहे. परंतु माणूस फसतो तो बहुतेक वेळा ओळखीचा पत्ता पाहून. एखाद्या बँकेचा किंवा विद्यापीठाचा हुबेहूब पत्ता परक्या माणसाला प्रेषक म्हणून कसा वापरता येतो आणि तो वापरता येऊ नये यासाठी कोणी काय करायला हवे, याविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

ईमेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे नेणाऱ्या नियमांना एसएमटीपी म्हणतात. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये ‘आरएफसी ८२१’ या दस्तऐवजात ते मांडले. पुढे त्यांत भर पडली, पण गाभा तोच राहिला. पाठवणारा सर्व्हर समोरच्या डोमेनचे (म्हणजे पत्त्यातील @ नंतरच्या नावाचे) टपाल कोण स्वीकारतो हे डीएनएस या इंटरनेटवरील नावांच्या सार्वजनिक नोंदवहीतील ‘एमएक्स’ नोंदीवरून शोधतो, त्या सर्व्हरच्या २५ क्रमांकाच्या पोर्टशी जोडणी करतो आणि साध्या मजकुरातील आज्ञांनी बोलू लागतो. ‘मेल फ्रॉम’ या आज्ञेने प्रेषकाचा पत्ता सांगितला जातो, ‘आरसीपीटी टू’ने प्राप्तकर्त्याचा, आणि ‘डेटा’ या आज्ञेनंतर अख्खे पत्र ओळीओळीने जाते. केवळ एक टिंब असलेली ओळ आली की पत्र संपले असे समजायचे. पहिल्या दोन आज्ञांतील पत्त्यांना तांत्रिक परिभाषेतही लिफाफाच म्हणतात. आपल्याला पडद्यावर दिसणारी ‘फ्रॉम’ ही ओळ मात्र लिफाफ्यावर नसून आतल्या पत्राचा भाग असते, आणि पत्र पोहोचवण्यासाठी एसएमटीपीला तिची गरजच पडत नाही. त्यामुळे मूळ नियमांनुसार त्या ओळीत कोणीही काहीही लिहू शकतो, आणि टपाल पोहोचते.

यात रचनाकारांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. त्या काळी हे जाळे मोजक्या विद्यापीठांपुरते, संशोधन संस्थांपुरते आणि लष्करी केंद्रांपुरते होते. संदेश निश्चितपणे पोहोचणे हीच खरी अडचण होती. शिवाय लिफाफ्यावरचा आणि आतला पत्ता वेगळा असणे हा आजही गुन्हा नाही : संस्थेच्या वतीने टपाल पाठवणाऱ्या सेवा परत आलेली पत्रे स्वीकारण्यासाठी लिफाफ्यावर स्वतःचा पत्ता घालतात.

ही उणीव भरून काढणारे उपाय नंतर आले आणि ते सारे डीएनएसवर उभे आहेत. एसपीएफमध्ये डोमेनचा मालक ‘माझ्या नावाने टपाल पाठवण्याची मुभा या सर्व्हरांना आहे’ अशी यादी जाहीर करतो. पण ती ताडून पाहिली जाते लिफाफ्यावरच्या पत्त्याशी. डीकेआयएममध्ये पाठवणारा सर्व्हर पत्रावर डिजिटल सही करतो आणि ती पडताळण्याची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते. पण ती सही कोणत्याही डोमेनची असू शकते. म्हणजे हे दोन्ही उपाय असूनही वाचकाला दिसणारे नाव खोटे असू शकते. ही फट डीमार्कने बुजवली. त्याची अट अशी की दोन्हींपैकी किमान एक चाचणी यशस्वी व्हावी आणि तिच्यातील डोमेन दिसणाऱ्या ‘फ्रॉम’मधील डोमेनशी जुळावे. न जुळल्यास काय करावे हेही मालकच सांगतो : ‘नन’ म्हणजे काहीच करू नका, ‘क्वारंटाइन’ म्हणजे संशयित म्हणून बाजूला ठेवा, ‘रिजेक्ट’ म्हणजे नाकारा.

माझा आक्षेप आहे तो इथे. ‘नन’ हा टप्पा निरीक्षणासाठी आहे. प्राप्तकर्त्या सर्व्हरांकडून येणारे अहवाल पाहून आपले कोणते टपाल कुठून जाते हे समजून घ्यावे आणि मग धोरण कडक करावे, असा त्याचा हेतू. पण नोंद एकदा केली की काम झाले असे समजून तिथेच थांबणे फार सोपे आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक संदेश पाठवणाऱ्यांना डीमार्क बंधनकारक केले, तेव्हाही किमान अट म्हणून ‘नन’ चालत होते. कडक धोरणाला खरी अडचण नाही असे नव्हे. पुढे धाडलेल्या पत्रात एसपीएफ तुटते, आणि वाटेत मजकुरात बदल झाला तर सहीही निकामी होते, त्यामुळे प्रामाणिक टपालही नाकारले जाऊ शकते. परंतु ज्या संस्था पैशांचे वा निकालांचे व्यवहार ईमेलवरून करतात, त्यांनी ही तपासणी नेटाने पूर्ण करायलाच हवी. तो भार ग्राहकाच्या सावधगिरीवर टाकणे योग्य नाही.

डीमार्कने सगळेच साधते असेही नाही. एखादे अक्षर बदलून घेतलेले मिळतेजुळते डोमेन त्यातून सुटते, आणि बळकावलेल्या खऱ्या खात्यावरून आलेले पत्र सर्व चाचण्यांत उत्तीर्ण होते. मोबाइलवरील अनेक ॲप तर पत्ता लपवून केवळ नावच दाखवतात. ही पद्धत बदलायला हवी असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे एक विनंती आहे. कोणत्याही डोमेनचे डीमार्क धोरण डीएनएसमध्ये सर्वांसाठी खुले असते. डोमेनच्या आधी ‘अंडरस्कोर डीमार्क’ आणि टिंब (_dmarc.) लावून टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराची, नोंद मागितली की ते दिसते. एखाद्या संस्थेच्या नावाने आलेल्या बनावट ईमेलची बातमी देताना त्यात नेमके त्या संस्थेचेच डोमेन वापरले होते का, आणि असल्यास तिचे धोरण कोणते आहे, हे आपल्या वार्ताहरांनी तपासून बातमीतच नोंदवावे.

आपला,
एक वाचक